इंजिनाचं नाक

जामखेडच्या रस्त्याला पहिला चढ लागला आणि जीपचा काटा पुन्हा खाली आला.

रंभाजीनं पाय दाबला तशी जीपनं काळा धूर ओकला, दमेकऱ्यासारखी धापली आणि चढाच्या निम्म्यात ठाण मांडून बसली. शेजारून बैलगाडी हाकत चाललेला भिमाजी म्हणाला, "दोरी टाकू का पाटील? माझी बैलं लष्कराची न्हाईत, पर चढत्यात."

रंभाजीनं गिअर काढला. जीप उतारावर मागं सोडली आणि वस्तीवर परत आणली. बाजाराच्या दिवशी हे आता नेहमीचंच झालं होतं.

तशी ही जीप म्हणजे पंचक्रोशीची शान. आत डिझेलचं इंजिन, आणि त्याला जोडलेला, नगरच्या लष्करी लिलावातून उचललेला टर्बो, म्हणजे इंजिनाच्या नरड्यात हवा कोंबणारा पंखा. किती हवा कोंबली जाते ते सांगायला समोर एक काटा. काटा वर असला की जीप अशी सुटे, की रंभाजी शिर्डीला पोचून, दर्शन घेऊन, प्रसाद खात बसे आणि वाटेतला धुरळा मागनं सावकाश येई. हे सगळं जुळवलं होतं शिंगणापूरच्या कानिफनाथ मिस्त्रीनं.

आणि रंभाजीचं पोट दुखत होतं ते तिथंच.

मिस्त्री सायकलवरून आला की विमलबाई पदर सावरत ओट्यावर येई. बायको रंभाजीची, पण आल्याचा चहा मिस्त्रीला. रंभाजीच्या चहात नुसती साखर, तीही तळाशी बसलेली. एकदा तर ती मिस्त्रीच्या शेजारी उभी राहून इंजिनात डोकावत होती.

"हवा हितनं आत जाती, वैनी," मिस्त्री रबरी पाइपावर बोट ठेवून सांगत होता. "ह्ये इंजिनाचं नाक."

"आन नाक दाबलं तर?"

"तर तोंड उघडतंय, दुसरं काय!"

दोघं हसले. रंभाजीनं कपबशी ओट्यावर आपटली. बाईमाणसाला इंजिनाच्या नाकाचं काय पडलंय?

आजही मिस्त्री आला. पाइप काढला, फुंकून पाहिला, गाळणी झटकली. जीप चालू केली तर काटा शहाण्या पोरासारखा आपल्या जागेवर.

"मालक, गाडीला काय बी झालं न्हाई."

"मग काय मी सोंग करतो?"

"तसं न्हवं. नगरला पळती. शिर्डीला वैनीस्नी घिऊन गेल्ता, तवा घोड्यावानी पळाली. जामखेडला जायाचं म्हनलं की हिचा दम कोंडतो. गाडीला काय रस्ता कळतो व्हय?"

"तुला कळत आसंल! ज्या बाजाराला सीटखालचं माझं पुडकं गेलं, त्याच बाजारापासनं गाडी बिघडली. दोन्ही तुझंच काम."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "आमच्या गावात घराला दार न्हाई, मालक. दुसऱ्याचं उचलायची सवयच न्हाई आमाला. काय हुतं पुडक्यात?"

"हुतं काय तरी," रंभाजी गुरगुरला.

विमलबाई चहा घेऊन आली. आल्याचा वास ओटाभर पसरला.

त्या आठवड्यात रंभाजीनं डोकं चालवलं. जीप बिघडते म्हणून मिस्त्री येतो. मिस्त्री येतो म्हणून बायको हसते. मग जीप बिघडवतं कोण? बाजाराच्या सकाळी जीपला हळदकुंकू लावायचा रिवाज विमलबाईनंच पाडला होता. बैलाला कपाळावर, जीपला बॉनेट उघडून इंजिनावर. तेवढ्या वेळात रंभाजी आरशासमोर असे. जामखेडला आडतीवर जायचं, तिथल्या लंकाबाईच्या खानावळीत चार माणसांत जेवायचं, म्हणजे कडक फेटा आणि कानात अत्तराचा फाया हवाच. आणि जीप धापत परत आली की दृष्ट काढून भाकरतुकडा टाकायला पुन्हा तीच पुढं. पुन्हा बॉनेट उघडून. मिस्त्रीला काय सापडणार, कपाळ!

पुढच्या बाजाराला चढावर काटा पडला, तेव्हा रंभाजी मागं फिरला नाही. तिथंच उतरला, चाकामागं धोंडा लावला आणि स्वतःच्या हातानं पाइप उपसला. आतून तेलानं काळाकुट्ट झालेला कापडाचा बोळा निघाला. बायकोची बेइमानी हाती लागल्याचा इतका आनंद आजवर कुणा नवऱ्याला झाला नसेल.

त्यानं सगळी भावकी ओट्यावर जमवली. थोरले चुलते कारभारी मधोमध बसले. मिस्त्रीला निरोप धाडून आणलं, तोही येऊन उभा राहिला.

"हिला आजच्या आज माहेरी धाडायची," रंभाजी बोळा नाचवत ओरडला. "लुगडं फाडून पाइपात कोंबती! कशापायी? तर ह्यो गडी चहाला यावा!"

मिस्त्री दोन पावलं मागं सरला. कारभारी खाकरले. "सूनबाई, खरं हाय?"

"बोळा मीच कोंबत हुते, मामंजी," विमलबाई म्हणाली. "पर लुगडं माझं हाय का, ते समद्यांम्होरं धुऊन बघू द्या की त्यास्नी."

"धुतोच!"

रंभाजीनं घमेल्यात रॉकेल ओतलं. बोळा बुचकळला, चोळला, आपटला. काळं उतरत गेलं. खालून हिरवं निघालं. मग लाल काठ. लुगडं नव्हतंच ते. चोळीचा खण होता, सुईसुद्धा न लागलेला, कोरा.

रंभाजीचे हात रॉकेलातच थांबले. भावकी पुढं वाकली.

"पिळा की नीट," विमलबाई म्हणाली. "तुमच्या सीटखालच्या पुडक्यातला हाय. तिकडं लंकाबाई वाट बघत आसंल."