दोरा गुंडाळलेली अंगठी

"मॅडम, डाएट सोडा प्यायल्यानं वजन खरंच कमी होतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती ना! मग काय, शाळेत आलेल्या आहारतज्ज्ञ मॅडमना मी भर सभागृहात उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं. सगळ्या खिदळल्या. मीसुद्धा.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "साखरेच्या सोड्याऐवजी प्यायलात, तर थोडाफार फरक पडेल. पण जेवणाऐवजी कोणी पीत असेल, तर तिच्या बोटांकडे बघा. आधी अंगठी सैल होते. मग केस गळतात. मग एक दिवस ती उभ्या उभ्या कोसळते."

माझं हसू तिथंच थांबलं. ताईच्या साखरपुड्याच्या अंगठीला आईनं महिन्याभरात दोनदा दोरा गुंडाळला होता.

संध्याकाळी मावशीकडे ताईचं केळवण होतं. ताटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी आणि ताईच्या हातात नेहमीचाच डाएट सोड्याचा चंदेरी कॅन. "लग्नापर्यंत एवढंच गं, मावशी!" आग्रहाची पोळी अडवायला तिनं हात आडवा धरला आणि अंगठी दोऱ्यासकट कटाच्या आमटीत पडली.

"बघा, कशी शेलाटी झालीय माझी लेक!" आई कौतुकानं म्हणाली. सगळे हसले. मला सकाळी ताईच्या कंगव्यात पाहिलेला केसांचा गुंता आठवला. आता फक्त कोसळणंच उरलं होतं.

दुपारी सभागृहात उठले होते, तशीच मी पंगतीतून उठले.

"आई, बाबा, उद्या सकाळी मी ताईला डॉक्टरांकडे नेणार आहे. तुम्हीही चला. नाहीतर लग्नात दुसरी करवली शोधा."