यादीतलं चौदावं गाव

"पाच हिरवे झाले," मयुरी म्हणाली. "बारा राहिले."

सहदेव तिच्या खुर्चीमागे उभा होता. त्याला बसवत नव्हतं. पडद्यावर सतरा गावांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक पिवळा ठिपका. काम झालं की ठिपका हिरवा व्हायचा. संस्थेच्या सतरा अभ्यासिका, प्रत्येकीत इंटरनेटचं एक मशीन, म्हणजे स्विच. कोणत्या गावाचा डेटा कोणत्या वाटेने जायचा हे त्या स्विचला शिकवावं लागतं. सात वर्षं ते काम सहदेवने हाताने केलं. मोटरसायकलवर लॅपटॉप बांधून गावाला जायचं, मशीनला केबल लावायची, एकेक ओळ टाकायची. आता मयुरीने प्रोग्राम लिहिला होता. बुलढाण्याच्या या खोलीतून एकदा बटण दाबलं की सतराही स्विच एकमेकांना विचारून आपल्या वाटा आपणच ठरवणार होते.

गुरुवारी अभ्यासिका बंद असतात, म्हणून आजचा दिवस धरला होता. एक जरी गाव लाल झालं तर सगळं जुन्यावर न्या, असं संस्थेच्या सचिवांनी बजावलं होतं. मयुरीला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. तिच्या ओठावर घाम आला होता.

"काका, मले रोहिणखेडचं भ्या वाटते," ती म्हणाली. "तुमचं सगळ्यात द्वाड मशीन."

"हो," सहदेव म्हणाला.

भीती त्यालाही रोहिणखेडचीच होती, पण वेगळी. उन्हाळ्यापासून ते मशीन बहुतेक गुरुवारी सकाळी बंद पडायचं. सहदेव निघायचा. तो पोचेपर्यंत ते पुन्हा सुरू झालेलं असायचं. आपलाच एखादा आकडा चुकला असेल असं म्हणून तो सगळ्या ओळी परत टाकायचा. चूक सापडत नव्हती. त्याने ती फारशी शोधलीही नव्हती.

रोहिणखेड ही त्याची सासुरवाडी. बायको रुख्मिणी चैत्रात गेली. लेकरू नव्हतं. तेरवी झाली आणि तिकडे जायचं कारणच संपलं. बोलावल्याशिवाय जावई जात नाही, आणि लेकच नाही तर जावयाला बोलवायचं कशाच्या नावाने? पण अभ्यासिकेची झाडलोट त्याच्या सासूबाई करायच्या. किल्ली त्यांच्याकडेच, अंबूबाईंकडे. मशीनसाठी माणूस आला तर दार उघडून द्यावं लागतं. जेवायची वेळ झाली तर त्याला विचारावं लागतं. "मशीनवाल्यानं उपाशी जाऊ नये," एवढंच त्या म्हणायच्या. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. रुख्मिणीचं नाव दोघंही काढत नसत. त्या घरात तो तासभर बसायचा आणि त्याच्यावर त्याचा आठवडा निघायचा.

प्रोग्राम चालला, तर रोहिणखेडला जायचं काम संपलं.

सात. आठ. नऊ.

मग यादीतल्या चौदाव्या नावापुढचा ठिपका लाल झाला.

"रोहिणखेड गेलं," मयुरी म्हणाली. "काका, थांबवू का?"

"थांबव," सहदेव लगेच म्हणाला. छातीवरचं दडपण एकदम उतरलं. मग त्याला पोरीचा चेहरा दिसला आणि उतरलेल्या दडपणाची लाज वाटली.

मयुरीने काम थांबवलं. तिने यादी पुन्हा वरून पाहिली. "पण आपण तं नवव्यावरच होतो," ती म्हणाली. "चौदाव्याले प्रोग्रामनं अजून हातच नाही लावला."

तिने मशीनची नोंद उघडली. प्रत्येक स्विचचं बंद-चालू त्यात आपोआप उतरतं. सहदेवने ती कधी उघडली नव्हती. त्याचा भरवसा केबलवर होता.

"लाईट नाही गेली, काका. त्याच बोर्डावरचा सिग्नलचा रेडिओ चालू हाय. नुसती स्विचची पिन निघाली." तिने बोट खाली सरकवलं. "मागच्या गुरुवारी बी हेच. त्याच्या आधी बी. नऊच्या सुमारास पिन निघते, अन् अकराच्या आत परत लागते. तुमच्या ओळीत काहीच चूक नव्हती. कोणीतरी हातानं काढून राह्यलं."

"पहिल्यांदा कधी?"

तिने तारीख सांगितली. तेरवीनंतरचा पहिला गुरुवार.

"किल्ली कोणापाशी राहते तिथं?" मयुरीने विचारलं.

सहदेवने खिशातून फोन काढला. "तू चालू कर पुढं," तो म्हणाला. "रोहिणखेड शेवटी घे. प्रोग्राम बरोबर हाय तुहा. सचिवांशी मी बोलतो."

तो फोन घेऊन जिन्यात गेला. सासूबाईंचा नंबर लावला. पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"मामी, सहदेव बोलून राह्यलो. मशीन बंद दाखवते."

"हाव."

"आता इथूनच होते सगळं. मशीनसाठी यायचं काम राह्यलं नाही."

पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडली.

"मामी, ते पिन..." तो म्हणाला.

"लावून देते मी आता पिन," अंबूबाई म्हणाल्या. "अन् जवाईबापू, जेवाले या."