होडीसारखी बाटली

माझ्या सुनेची, विजयमालाची तान्ही लेक कालपासून अंगावरही पीत नव्हती आणि चमच्यानंही नाही. दुपारपर्यंत प्याली नाही तर साताऱ्याला ॲडमिट करा, असं औंधच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

शेवटी मी माळ्यावरची जुनी काचेची बाटली उकळून घेतली. आकार होडीसारखा, दोन्ही टोकं उघडी. एका टोकाला निपल, दुसऱ्याला रबरी टोपी. बाळानं चोखलं की टोपीच्या बारीक भोकातून हवा आत जाते आणि दुधात बुडबुडा येतो. चोखल्याशिवाय येत नाही.

कुठलंही दूध आधी देवाला, हा माझा नेम. पाण्याचं मंडल काढून मी भरली बाटली देवापुढं आडवी ठेवली आणि डोळे मिटले.

“आवं आत्या, आवरा की! देव काय उपाशी हाय व्हय?” मागं बाळाला मांडीवर घेऊन बसलेली विजयमाला म्हणाली.

डोळे उघडले, तर बाटलीत बुडबुडे येत होते. एकामागून एक. दूध उतरत चाललं होतं. मला भीती वाटली नाही, काहीच वाटलं नाही. हात जोडलेलेच राहिले.

“आत्या, हिकडं बघा! तोंड मिटलेलं हाय, पण ही गिळतीया!”

बाटलीतलं दूध संपलं.

विजयमालाच्या मांडीवर तान्ही अजून गिळतच होती.