शनिवारची सही

ठिकाण:
द्रोणागिरी, डोंगराचा कापलेला पायथा. वर दोन मजले उंच काळा कातळ, त्याखाली हातभर लाल मातीचा थर, आणि अगदी समोर मजुरांच्या बारा पत्र्याच्या खोल्या. लाल थर काल कोरडा होता. आज हनोख आवासकरने बोट लावलं, तर बोट ओलं झालं.

कारण:
खोल्यांना लागूनच शिवाचा पोकलेन कातळाचा पाया खणत होता. आणखी चार-पाच बकेट, की वरचा सगळा कातळ त्या ओल्या मातीवरून खाली येणार.

"शिवा, मशीन बंद कर."

"कागद द्या सर. तोंडी बंद केलं तर शेठ मलाच गाडंल."

हनोख खोल्यांकडे धावला. रात्रपाळीची माणसं आत झोपली होती. पुतळाबाई दारात भांडी घासत होती.

"बाई, उठव सगळ्यांना. बाहेर पडा."

"कुठं जावं साहेब? खोली सोडली की दुसऱ्याला देनार म्हनलेत शेठ. लेकरं घेऊन रस्त्यावर बसू काय?" ती पुन्हा घासायला लागली.

सही:
काम थांबवायची नोटीस साइटवर एकटा भूवैज्ञानिकच काढू शकत होता, म्हणजे हनोख. त्याने नोटिसांचं पुस्तक उघडलं आणि हात अडला. शनिवार. पन्नास वर्षांत त्याने शब्बाथला, ज्यूंच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, पेन धरलं नव्हतं. पलटणीतसुद्धा हवालदार त्याच्या सह्या शुक्रवारीच उरकून घ्यायचा. पण जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचा, हेही आईनेच शिकवलं होतं.

त्याने सही केली.

साक्षीदार:
साइट ऑफिसच्या भिंतीवर त्याचाच फोटो. कॅप्टन हनोख आवासकर, सेना पदक. फ्लॅट बघायला येणाऱ्यांसाठी बिल्डर दिपेशशेठने मोठा करून लावलेला. कारगिलला त्याने पाच जखमी जवान एकेक करून पाठीवरून खाली आणले होते. कुठला दगड पाय धरतो आणि कुठला दगा देतो, हे तिथेच कळलं. वर्दी उतरवल्यावर तो तेच कॉलेजात जाऊन रीतसर शिकला.

दिनांक:
दिपेशशेठने नोटीस बोट फिरवत पूर्ण वाचली. मग मोबाइल काढला.

"हे बगा सर. तुमचंच पत्र हाय."

तीन वर्षांपूर्वी कुणीतरी एका शनिवारच्या अहवालावर त्याची खोटी सही ठोकली होती. तेव्हा हनोखने संतापून कंपनीला लिहून दिलं होतं: शनिवारची तारीख असलेली माझी कोणतीही सही खोटी समजावी.

"म्हंजे ही सही खोटी हाय. तुमीच सांगितलंय."

"दिपेश, आत्ता तुझ्यासमोर केली मी!"

"मी कुठं काय बगितलं? उद्या या, रविवारची करून द्या. लगेच बंद करतो. सोमवारी भिंतीचं काँक्रीट हाय, आज खोदाई उरकायचीय, टेन्शन नको."

"उद्यापर्यंत ती माणसं जिवंत राहणार नाहीत."

"तीन वर्षं तुमी हेच सांगताय सर. पडला काय एक तरी दगड?"

शेरा:
हनोखने नोटीस घडी करून खिशात ठेवली. खोल्यांपाशी गेला, पुतळाबाईची बादली पालथी घातली आणि कातळाकडे पाठ करून तिच्यावर बसला.

शिवाने मशीन थांबवलं. "शेठ, सर बसलेत तिथं."

दिपेशने घड्याळ बघितलं.

"बसू दे. त्यांना कोनी बसवलंय? फक्त डोक्याला काय तरी घाल. उगाच कोनी फोटो काढला तर आपल्याला त्रास."

शिवा खाली उतरला. स्वतःचं हेल्मेट काढून त्याने सरांच्या डोक्यावर ठेवलं, हनुवटीखाली पट्टा नीट आवळला, घट्ट बसलाय ना ते दोनदा ओढून बघितलं, आणि परत पोकलेनच्या केबिनमध्ये चढला.