ब्रेकवरचा पाय

"दाब!"

जुन्या गाड्यांचा तो शौकीन गाडीमागून ओरडला. पुढे स्टिअरिंगवर बसलेल्या त्याच्या बायकोनं ब्रेक दाबला. उजवीकडचा ब्रेकलाईट काही लागला नाही. उलट शेजारचा बारका दिवा होता तोही मंदावला आणि काहीएक संबंध नसताना इंडिकेटर मिणमिणायला लागला.

"सोड!"

तिनं सोडला. सकाळपासून हेच चाललं होतं. तो दाब म्हणाला की दाबायचं, सोड म्हणाला की सोडायचं. मघाशी एकदा तिनं त्याच्या सांगण्याआधीच पाय उचलला होता. त्याचा प्रसाद खालच्या ओठावर दिसत होता.

गाडी मात्र काय चीज होती! भंगारातून उचललेली, पण शौकीननं वर्षानुवर्षं खपून अशी काही उभी केली की रंगात तोंड बघावं. तिला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. अख्ख्या गाडीवर एक ओरखडा दाखवा म्हणावं. बायकोचं तेवढं विचारू नका.

उद्या जुन्या गाड्यांची मिरवणूक आणि आज दिव्यांनी मान टाकलेली. बायकोनं धाकट्या भावाला फोन केला होता. तो गाड्यांचा वायरमन. "ये बाबा लवकर. नाही लागले तर..." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. पुढचं त्याला ठाऊक होतं. दरवेळी तो असाच धावत यायचा, मान खाली घालून काहीबाही दुरुस्त करून द्यायचा, म्हणजे त्या दिवसापुरतं ताईचं निभायचं. भावोजींना जाब विचारायची हिंमत त्याला कधी झाली नव्हती. त्याची त्याला लाज वाटायची, पण नुसतीच वाटायची.

आजही तो तसाच आला. त्यानं बल्ब पाहिला, फ्यूज पाहिला. वायरिंग चोख होतं. मग त्यानं एक सुटी वायर घेतली, तिचं एक टोक दिव्याच्या होल्डरला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला चिमट्यानं लावलं.

"ताई, दाब गं."

ब्रेकलाईट लालभडक पेटला.

"अर्थिंग मिळत नव्हतं, भावोजी. तुम्ही स्क्रूखालीसुद्धा रंग मारलाय. रंगातून करंट कसा जाणार? आतल्या बाजूनं नखाएवढा रंग खरवडतो, उघड्या पत्र्यावर वायर कसतो. झालं काम."

"माझा रंग खरवडणार?"

"आतून हो. दिसणारपण नाही."

"म्हणजे चूक माझी."

वायरमननं जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. शौकीन त्याला हात लावणार नव्हता. दिवे लावून घ्यायचे होते ना अजून. तो अगदी निवांत चालत पुढच्या दाराशी गेला.

"काल डिकी कोणी पुसली गं?"

"मीच. तुम्हीच सांगितलं म्हणून..."

पहिला फटका बसला. पाठोपाठ डोकं दाराच्या चौकटीवर आपटल्याचा आवाज आला. "वायर हलवलीस तू! आणि लोक माझ्या रंगाला नावं ठेवतात!" मागच्या काचेतून वायरमनला फक्त वर-खाली होणारा हात दिसत होता. ताईचा आवाज येत नव्हता.

त्यानं मान फिरवली, तर समोर तो ब्रेकलाईट. दिवा जळत होता. फटक्यांनी गाडी हलत होती, पण दिवा जरासुद्धा फडफडत नव्हता. म्हणजे ताईनं पाय उचलला नव्हता. एवढा मार खातानाही ती ब्रेक दाबून बसली होती, कारण तो अजून सोड म्हणाला नव्हता.

वायरमननं स्क्रू-ड्रायव्हर डिकीवर टेकवला आणि सगळं अंग टाकून ओढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगाची साल निघाली. तो करकर आवाज ऐकून शौकीन किंचाळला. बायकोच्या तोंडून निघाली नव्हती ती किंकाळी याच्या तोंडून निघाली.

"साल्या, जीव घेईन तुझा!"

लोखंडी पाना वायरमनच्या खांद्यावर बसला. हाड मोडलेलं त्याला आतून ऐकू आलं. दुसऱ्या हातानं त्यानं शौकीनची मान धरली आणि तोंड त्या चकचकीत बंपरवर आदळलं. पुन्हा आदळलं. आजवर जे जे गिळलं होतं ते सगळं त्या एका हातात उतरलं होतं. तो मागे सरला तेव्हा शौकीन फरशीवर आडवा होता. ओठ फाटला होता, दात कुठे उडाले होते कोण जाणे, तोंडातून रक्ताच्या बुडबुड्यांशिवाय काही निघत नव्हतं. त्या लाल उजेडात रक्त नीट दिसतही नव्हतं.

वायरमननं पुढचं दार उघडलं.

"ताई, उतर. चल माझ्याबरोबर."

ती समोर बघत बसली होती. एक डोळा सुजून मिटत आला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"संपलं गं. पाय काढ."

"ह्यांनी सोड म्हटलं नाही अजून," ती हळूच म्हणाली.

"ते नाही बोलणार आता."

ती हलली नाही. वायरमन खाली बसला, मोडका खांदा दाराला टेकवला आणि चांगला हात तिच्या तळव्याखाली घालून पाय उचलला. मागचा लाल दिवा विझला. पाय त्याच्या हातावर होता, आणि अजून दाबतच होता.