हातात बॅग घेऊन

परदेशातलं हे गुडघ्याचं सेंटर नवऱ्याने शोधलं आणि अख्ख्या नात्यात टेंभा मिरवला, "बायकोसाठी काय वाट्टेल ते!"

इथली भाषा त्याला येते, मला नाही. त्यामुळे थेरपिस्ट बाई विचारायच्या मला आणि उत्तरं द्यायचा तो.

"काय म्हणाल्या?"

"जिन्यावरून कशी पडलीस, विचारतायत. सांगितलं, पहिल्यापासूनच वेंधळी आहे. तू तोंड मिट आणि गुडघा वाकव."

मी पडले नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

चौथ्या दिवशी बाईंनी त्याला काचेच्या दाराबाहेर बसवलं. दुभाष्या घरचा चालत नाही, असा इथला नियमच होता म्हणे. फोनवर मराठी बोलणारी एक मुलगी आली. "ताई, बरं झाल्यावर या पायाने तुम्हाला काय करायचंय? त्यावरून व्यायाम ठरतो."

"तीन मजले उतरायचेत. एका दमात, हातात बॅग घेऊन."

दुसऱ्या दिवसापासून वाळूची बॅग हातात देऊन बाईंनी मला जिन्यावर उभं केलं. ते बघून तो दारातून खेकसला, "ही कसली हमाली? बॅगा उचलायला मी मेलोय का?"

बाईंनी दार लावून घेतलं. फोनवरची मुलगी म्हणाली, "ताई, त्या विचारतायत, खरी बॅग किती जड असेल? तेवढीच वाळू भरू."

मी काचेपलीकडे बघितलं.

"एका माणसाच्या कपड्यांएवढी."