राजाच्या गळ्याखालचं भोक

प्रगतीनं लग्नात घालायला लंडनच्या लिलावातनं सोन्याचं रोमन नाणं मागवलं, आणि ते घेऊन ती इंदापुरात दत्तोबा सोनारांच्या दुकानात आली. तिथंच माशी शिंकली. नाण्याला आधीपासूनच भोक होतं, तेही त्यावर छापलेल्या राजाच्या गळ्याखाली. त्यातनं दोरा ओवला की राजा खाली डोकं वर मान करून लटकायचा.

"पुतळ्यांच्या माळा घडवण्यात हयात गेली माझी, असलं उरफाटं काम बघितलं न्हाय," दत्तोबा म्हणाले. "भोक बुजवतो आन् डोक्यावर कडी जोडतो." त्यांनी गॅस पेटवलासुद्धा.

सून माधवीच्या वाट्याला गिऱ्हाइकांना डब्या दाखवायचं तेवढंच काम होतं. सासऱ्याला अडवायची तिची कधी छाती झाली नव्हती.

"आबा, जरा थांबा," माधवी आज म्हणाली.

तिनं भोकात रेशमी दोरा ओवला आणि नाण्याची पाठ पुढं करून ते प्रगतीच्या गळ्याशी धरलं. पाठीवर विजयाची पंखवाली देवी होती, राजाच्या उलट दिशेनं छापलेली. हातात हार घेऊन ती आता ताठ उभी होती.

प्रगतीनं आरशात बघितलं आणि तिची हनुवटी आपोआप वर गेली.

"भोक चुकल्यालं न्हाय, आबा," माधवी म्हणाली. "जिनं ते पाडून घेतलं, तिला देवी पुढं पाहिजे होती."

दत्तोबांनी देवीकडं पाहिलं, मग सुनेकडं. गॅस बंद केला आणि आपलं भिंग तिच्यापुढं सरकवलं.

"म्हंजी दागिना कवाच घडलाय," ते म्हणाले. "आपण नुसता पक्का दोरा ओवायचा. तो तू ओव."